शाईचे रंग : निवड, काम आणि आयुष्य

मराठींत लिहिण्याच्या क्रियेला ‘पांढऱ्यावर काळें करणें’ असा एक जुना वाक्प्रचार आहे. लेखन म्हणजे काळें, ही समजूत आपल्या भाषेंत इतकी रुजलेली आहे कीं, ‘शाई’ ह्या शब्दांतही तीच दडलेली आहे. हा शब्द फारशी ‘सियाही’ ह्यावरून आलेला असून त्याचा मूळ अर्थ ‘काळेपणा’ एवढाच. तेव्हां ‘तांबडी शाई’ म्हणजे शब्दशः ‘तांबडा काळेपणा’ होय. पण बोलणाऱ्यास त्यांत कांहीं विसंगति आहे असें वाटत नाहीं. असें असूनही जुनी पोथी उघडली म्हणजे काळ्याच्या जोडीला तांबडा, पिवळा, गेरवा आणि क्वचित् सोनेरी असे रंग नजरेस पडतात. हे रंग तेथें कां आले, त्यांतील कोणता कोठें वापरावयाचा हें कशावरून ठरे, आणि त्यांपैकीं टिकले किती, हे प्रश्न पोथ्यांचा व कागदपत्रांचा संग्रह करणारांस विचार करण्याजोगे आहेत.

ह्या प्रश्नांस आजच्या काळीं आणखी एक बाजू आहे. आज झरणीनें लिहिणारा मनुष्य शाई विकत घेऊं लागला म्हणजे मोरपंखी, जांभळा, शेवाळी, तपकिरी अशा नाना छटांच्या बाटल्या त्याच्यापुढें येतात आणि तो त्यांतून आपल्या मनाला भावेल ती उचलतो. जुन्या लेखकालाही रंगांची हौस नव्हती असें नाहीं. परंतु त्याची निवड वेगळ्या तत्त्वावर चाले. त्यानें प्रत्येक रंगाला एक काम नेमून दिलें होतें, आणि ग्रंथाचा मूळ मजकूर मात्र सर्वांत टिकाऊ अशा एकाच रंगाच्या स्वाधीन केला होता. हें तत्त्व आपण सोडलें, आणि त्याची किंमत संशोधकाच्या टिपणवहीला द्यावी लागत आहे, असें प्रस्तुत लेखकाचें मत आहे. तें साधार मांडण्याचा येथें प्रयत्न केला आहे.

१. काळी शाई

आपल्या देशांतील शाईच्या लेखनाचा पुरावा बराच प्राचीन आहे. सांचीजवळच्या अंधेर येथील स्तूपांत सांपडलेल्या धातुपात्रावर शाईचीं अक्षरें आहेत; त्यांचा काळ इसवी सनापूर्वीचें दुसरें शतक हा, किंवा त्याच्याही मागचा, असें ब्यूलर ह्या लिपिशास्त्रज्ञानें मानलें. गांधार प्रांतांतील खरोष्ठी लिपींतल्या भूर्जपत्रांवर काळी शाई अद्यापि वाचतां येते. महाराष्ट्रापुरतें बोलावयाचें तर अजिंठ्याच्या लेण्यांत टांकीनें कोरलेल्या लेखांखेरीज कुंचल्यानें रंगवून लिहिलेले लेखही आहेत.

पोथीची काळी शाई मुख्यतः दोन वस्तूंची : काजळ आणि डिंक. तिळाच्या तेलाचा दिवा लावून त्यावर मातीचें भांडें पालथें धरावयाचें, बसलेलें काजळ खरवडून घ्यावयाचें, आणि तें बाभळीच्या वा दुसऱ्या एखाद्या डिंकाच्या पाण्यांत घोटीत राहावयाचें. मुनि पुण्यविजयजी ह्यांनीं विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकांत जैन लेखनकलेवर गुजरातींत जो प्रबंध लिहिला, त्यांत अशा अनेक कृति नोंदविलेल्या आहेत. काजळाइतकाच बोळ, त्याच्या दुप्पट डिंक आणि माक्याचा रस, असें एका प्रसिद्ध कृतीचें प्रमाण आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे परशुराम कृष्ण गोडे ह्यांनींही भारतीय शाईच्या इतिहासावर टिपणें लिहिलीं आहेत. सर्व कृतींचा भर घोटण्यावर असतो, कारण काजळाचे कण जितके बारीक होऊन डिंकांत मिसळतील तितकी शाई अक्षरांत एकसारखी उतरते.

ह्या शाईच्या टिकाऊपणाचें कारण साधें आहे. काजळ म्हणजे जवळजवळ शुद्ध कोळसा. जें एकदां जळून गेलें त्याला उन्हानें फिकें पडण्यासारखें कांहीं उरत नाहीं. हवेचा किंवा प्रकाशाचा त्यावर परिणाम होत नाहीं, आणि त्यांत आम्ल नसल्यामुळें कागदही खाल्ला जात नाहीं. तीन-चारशें वर्षांच्या पोथींतील अक्षरें आज लिहिल्यासारखीं कुळकुळीत दिसतात तीं ह्यामुळें.

मात्र ह्या शाईला एक वैरी आहे, तो म्हणजे पाणी. जुन्नर व दौलताबाद येथला जुना हातकागद खळ लावून घोटलेला असे. शाई त्या गुळगुळीत पृष्ठावर बसे, आंत फारशी मुरत नसे. ओल लागली कीं डिंक सुटे आणि त्याबरोबर काजळही वाहून जाई. पोथीच्या शेवटीं लेखकु जो श्लोक घालीत, त्यांत ग्रंथाला तेलापासून, पाण्यापासून आणि सैल बांधणीपासून जपावें अशी विनवणी असते, तिचें मर्म हें आहे. पोथी लाल रुमालांत घट्ट बांधून माळ्यावर, चुलीच्या धुराजवळ, कोरड्या जागीं ठेवण्याची चाल आपल्याला भाबडी वाटते. पण ज्या शाईनें ती लिहिली होती तिचा स्वभाव ओळखूनच ती पडली होती.

२. तांबडा, पिवळा आणि गेरवा

श्रीसमर्थ रामदासांनीं दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेला दिला आहे. अक्षर वाटोळें, सरळ व मोकळें असावें, शाई काळीभोर असावी, ग्रंथाच्या आरंभापासून शेवटापर्यंत सर्व एकाच टांकानें लिहिल्यासारखें दिसावें, असा त्यांतील उपदेशाचा आशय आहे. त्याच समासांत लेखकाच्या सामानाची यादी येते. तींत निरनिराळ्या देशांचे बरू आहेत, मसि भिजवून, वाळवून तिचा सांठा करण्यास सांगितलें आहे, आणि हिंगूळ व अळिता संग्रहीं असावा असेंही म्हटलें आहे. म्हणजे सतराव्या शतकांतील मराठी लेखकाच्या फडताळांत निदान दोन प्रकारचा तांबडा रंग असणें हें अपेक्षितच होतें.

हा तांबडा रंग कोणत्या कामीं येई, हें पोथ्याच सांगतात. आरंभींचें ‘श्री’, श्लोक अगर ओवी संपल्याचा दंड, ओवीचा आंकडा, ‘उवाच’ हें पद, अध्यायाच्या समाप्तीचें वाक्य आणि समासाच्या उभ्या रेघा, हीं ठिकाणें तांबड्याचीं. वाचणाऱ्या पुराणिकाची नजर पानावरून धांवत असतां तिला थांबण्याच्या जागा दाखविणें, हें त्याचें काम. फारशी हस्तलिखितांतही मथळा तांबड्यानें लिहीत, आणि म्हणूनच त्या भाषेंत मथळ्याला ‘सुर्खी’ म्हणजे ‘तांबडेपणा’ असें नांव पडलें. हिंगूळ हा पाऱ्याचा व गंधकाचा संयोग. तो पोथीच्या मिटलेल्या पानांत उत्तम टिकतो, परंतु फार काळ उजेडांत राहिल्यास काळवंडूं शकतो. अळिता लाखेपासून होतो व तो हिंगुळापेक्षां नाजूक. कुंकवाचा रंग तर हळदीवर झालेल्या क्षाराच्या क्रियेनें येतो आणि उन्हांत तो लवकर उडतो. मंगल पत्रावर कुंकू शिंपडण्याची चाल आहे, पण ग्रंथाच्या मजकुरावर कोणी त्याचा भरवसा टाकला नाहीं.

पिवळा रंग हरताळाचा. तो लिहिण्याकरितां नसून पुसण्याकरितां होता. चूक झाली म्हणजे त्या अक्षरावर हरताळाचा लेप द्यावा आणि वाळल्यावर वरून शुद्ध अक्षर लिहावें, असा प्रघात होता. ‘हरताळ फासणें’ म्हणजे एखादी गोष्ट रद्द ठरविणें, हा वाक्प्रचार लेखकांच्या बैठकींतूनच भाषेंत आला आहे. गेरूचा उपयोग विशेषतः समाप्तीच्या वाक्यावर किंवा महत्त्वाच्या पदावर हलका हात फिरवून तें उठावदार करण्याकडे होई. सोन्यारुप्याची शाई धनिकांच्या पोथ्यांत येते. इ. स. १४६५ मध्यें जौनपूर येथें तयार झालेली कल्पसूत्राची सुवर्णाक्षरी प्रति ह्या प्रकारचें प्रसिद्ध उदाहरण आहे. हिरवा रंग तांब्याच्या जंगालापासून करीत. परंतु जंगाल कागद जाळतो, आणि चित्रांभोंवतीं काढलेल्या हिरव्या रेघेवरच पान कातरल्यासारखें तुटलेलें पुष्कळ ठिकाणीं दिसतें.

ह्या सर्व व्यवस्थेंत लक्ष्यांत ठेवण्याची गोष्ट अशी कीं, रंग उडाला तरी अर्थ उडत नसे. तांबडा दंड फिका झाला तरी तो दंडच राही. ओवीचा आंकडा काळवंडला तरी आंकडाच राही. रंग हा खुणेचा सोबती होता, स्वतः खूण नव्हता. ह्या मुद्द्याकडे पुढें पुन्हां यावयाचें आहे.

३. रंग आणि अधिकार

रंगाला काम नेमून देण्याचाच एक प्रकार म्हणजे त्याला अधिकार नेमून देणें. रोमच्या पूर्व साम्राज्यांत सम्राट पहिला लिओ ह्यानें इ. स. ४७० मध्यें कायदा करून जांभळट तांबडी शाई केवळ सम्राटाच्या सहीसाठीं राखून ठेविली. चीनच्या छिंग घराण्यांतील बादशहा अधिकाऱ्यांच्या अर्जांवर हिंगुळी शाईनें शेरे लिहीत. मोगलांच्या दरबारीं कायमच्या इनामाच्या फर्मानावर ‘अल तमघा’ म्हणजे तांबडी मोहोर उठविली जाई. त्या जागीं सोन्याचा वर्ख देऊन तिला ‘अल्तून तमघा’ म्हणावें, असें जहांगिरानें ठरविल्याचें त्याच्या आत्मचरित्रांतच आहे.

मराठी दफ्तरांत मात्र ही रीत फारशी नव्हती. तेथें अधिकार रंगावर नसून मुद्रेवर आणि अक्षरावर होता. पत्राच्या माथ्यावर मुद्रा, अखेरीस मोर्तब, आणि मधला सर्व मजकूर चिटणिशी वा फडणिशी कारकुनाच्या काळ्या मोडींत. भारत सरकारच्या सचिवालयाच्या कार्यपद्धतींत सामान्यतः काळी व निळी शाई वापरावी आणि हिरवी वा तांबडी शाई वरिष्ठ श्रेणीच्या अधिकाऱ्यांनींच क्वचित् वापरावी, असा दंडक घातलेला आढळतो. ‘हिरव्या शाईची सही’ म्हणजे मोठा अधिकारी, ही लोकांची समजूत अशा रिवाजांतून दृढ झाली.

४. निळ्याचें कोडें आणि लोखंडी शाई

ज्या देशानें जगाला नीळ पुरविली, त्या देशाच्या दौतींत निळा रंग क्वचितच दिसावा, हें प्रथमदर्शनीं नवल वाटतें. नीळ आपल्याकडे कापडासाठीं होती. पांढऱ्या कागदावर तिची काळ्याएवढी ठसठशीत अक्षरें उठत नाहींत, आणि काजळ घरोघर फुकट मिळत असतां ती घोटण्याचें कारणही नव्हतें. निळी शाई आपल्याकडे रूढ झाली ती युरोपीय बाटलींतून, आणि तीही आडमार्गानें.

युरोपांत कित्येक शतकें मायफळ व हिराकस ह्यांची शाई चालू होती. मायफळांतील तुरट द्रव्य आणि हिराकशींतील लोखंड ह्यांचा संयोग होऊन ती हवेंत हळूहळू काळी पडते व कागदाच्या तंतूंत शिरून बसते. पाण्यानें ती धुऊन निघत नाहीं, हा तिचा मोठा गुण. परंतु तींत आम्ल असतें, आणि जादा राहिलेलें लोखंड कागदाच्या नाशाला चालना देतें. कालांतरानें अक्षर तपकिरी होतें, कागद ठिसूळ होतो, आणि शेवटीं अक्षराच्या जागीं भोंक उरतें. हिरडा व हिराकस ह्यांची अशीच शाई आपल्याकडेही होत असे. पण जैन लेखनपरंपरेंत हिराकशीची शाई पोथीस अयोग्य मानलेली आढळते.

ह्या दोन जातींच्या शाईंची तुलना करावयाची असल्यास वसईच्या मोहिमेचे (इ. स. १७३७–१७३९) कागद घ्यावे. चिमाजीअप्पांच्या बाजूचीं पत्रें काजळाच्या शाईनें देशी कागदावर लिहिलेलीं, आणि त्याच प्रसंगांसंबंधीं पोर्तुगिजांचा पत्रव्यवहार लोखंडी शाईनें युरोपीय कागदावर लिहिलेला. गोव्याचें दफ्तरखाना इ. स. १५९५ मध्यें दियोगु दु कोउतु ह्याच्या हवालीं स्थापन झालें. त्याच दफ्तराच्या आधारें पांडुरंग पिसुर्लेकर ह्यांनीं पोर्तुगीज-मराठे संबंधांचा इतिहास उजेडांत आणला. त्या संग्रहांतील पुष्कळ पानांना शाईनेंच ग्रासलेलें आहे. पोर्तुगीज शाई पाण्याला भ्याली नाहीं, पण आपल्या आधाराला तिनें खाल्लें. मराठी शाई पाण्याला भ्याली, पण कोरड्यांत राहिली तेथें तिनें कागदाला इजा केली नाहीं. अशा कागदांतील सुटें लोखंड बांधून टाकणारी व आम्ल मारणारी प्रक्रिया नेदर्लंडमधील संशोधकांनीं १९९० नंतरच्या दशकांत प्रचारांत आणली आहे. परंतु तुटलेलें अक्षर तिनें परत येत नाहीं.

लोखंडी शाई लिहितांना फिकी असते, आणि लिहिणाऱ्यास अक्षर दिसावें म्हणून तींत तात्पुरता रंग घालावा लागतो. हा तात्पुरता रंग पुढें निळा झाला. ड्रेस्डेन येथील ऑगस्ट लिओनहार्डी ह्यानें इ. स. १८५६ च्या सुमारास काढलेल्या सुप्रसिद्ध शाईंत नीळ होती. लिहितांना निळी, वाळल्यावर काळी, अशी ही ‘ब्लूब्लॅक’ शाई कचेऱ्यांतून सर्वत्र पसरली. म्हणजे आपली नीळ परदेशच्या दौतींतून फिरून आपल्या कागदावर उतरली, आणि तीही टिकण्यासाठीं नव्हे, तर काळें येईतोंवर जागा धरण्यासाठीं.

५. झरणी आणि आवडीचें राज्य

इ. स. १८५६ ह्याच वर्षीं लंडन येथें विल्यम पर्किन ह्या अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याला कोइनेल करण्याच्या प्रयत्नांत दगडी कोळशाच्या डांबरापासून जांभळा रंग सांपडला. त्यामागून दोन दशकांत मेथिल व्हायोलेट व इओसिन असे अनेक कृत्रिम रंग निघाले. ते पाण्यांत पूर्ण विरघळतात, तळाशीं बसत नाहींत, स्वस्त आहेत आणि डोळ्यांत भरण्याइतके तेजस्वी आहेत. परंतु त्यांतील पुष्कळ रंग उजेडाला फार हळवे आहेत, आणि त्यांत जांभळा मेथिल व्हायोलेट व तांबडा इओसिन हे विशेष.

लुइस वॉटरमन ह्यानें इ. स. १८८४ मध्यें आपल्या झरणीचें पेटंट घेतलें, आणि ह्या रंगांना राज्य मिळालें. झरणीच्या बारीक नळींत काजळाचे कण व डिंक अडकून बसतात. लोखंडी शाईचें आम्ल पोलादी निबाला खातें, म्हणून सोन्याच्या निबाला इरिडियमसारख्या कठीण धातूचें टोंक लावावें लागलें. विरघळलेला कृत्रिम रंग मात्र झरणीला सर्वस्वीं मानवतो. इ. स. १९३१ मध्यें पार्कर कंपनीनें ‘क्विंक’ ही लवकर वाळणारी शाई काढली. त्याच वर्षीं मुंबईस गिरगांवांत दांडेकर बंधूंनीं ‘हॉर्स ब्रँड’ नांवाच्या शाईच्या पुड्या व गोळ्या करण्यास आरंभ केला; पुढें झरणीसाठीं त्यांची ‘कॅमल’ शाई निघाली व मराठी शाळकरी मुलांच्या बोटांना ती ठाऊक झाली.

एवंच, बोरूच्या काळीं शाई आधीं ठरे व लेखणी तिला साजेल अशी तासली जाई; झरणीच्या काळीं लेखणी आधीं ठरली व शाईला तिच्या नळींतून जावें लागलें. टिकाऊपणाची अट ह्या अदलाबदलींत गळाली. जेथें सर्वच रंग सारखे सुलभ झाले तेथें निवड करण्यास आवड हा एकच निकष उरला.

६. एक स्वानुभव

ह्या निकषाचा परिणाम प्रस्तुत लेखकानें स्वतः भोगला आहे, आणि विषयाशीं त्याचा निकट संबंध असल्यामुळें तो सांगणें भाग आहे. सुमारें पस्तीस वर्षांपूर्वीं एका जुन्या घराण्याच्या दप्तरांतील अठराव्या शतकाच्या मोडी पत्रांच्या नकला मीं हातानें उतरून घेतल्या. मला त्या काळीं जांभळ्या शाईचा मोठा षोक होता. सर्व नकला जांभळ्यांत लिहिल्या, आणि जेथें वाचन संशयास्पद होतें तेथें त्या शब्दाखालीं तांबडी रेघ मारली. वही खिडकीसमोरच्या उघड्या फळीवर राहिली. पानें सुटीं असल्यानें त्यांतील बरींच वर्षानुवर्षें उजेडांत पडली.

पुढें तो वाडा पावसाळ्यांत कोसळला आणि दप्तर भिजून गेलें. तेव्हां नकला काढून पाहिल्या. जांभळीं अक्षरें पुसट झालीं होतीं, तरी तिरप्या उजेडांत बहुतेक वाचतां आलीं. पण तांबड्या रेघा पार नाहींशा झाल्या होत्या. जें वाचन मला त्या वेळीं संशयित वाटलें होतें तें आतां निःशंक वाचनासारखें दिसूं लागलें. दोन ठिकाणीं मनुष्याचें नांव आणि एके ठिकाणीं रुपयांचा आंकडा खात्रीचा कीं तर्काचा, हें मला सांगतां येत नाहीं. आणि पडताळा पाहण्यास मूळ उरलेलें नाहीं. मूळ लेखकाच्या काजळानें दोनशें वर्षें कळ काढली. माझी आवडती शाई एका माणसाच्या हयातींतही पुरली नाहीं.

येथें जुन्या पोथीच्या व्यवस्थेचें महत्त्व ध्यानांत येतें. तांबडा दंड फिका झाला तरी दंडच राहतो, असें वर म्हटलें आहे. मीं मात्र शंकेचा भार एकट्या रंगावर टाकला होता. तेथें काळ्या शाईचें साधें प्रश्नचिन्ह घातलें असतें तर तांबडी रेघ गेल्यानें कांहीं बिघडलें नसतें.

७. संग्राहकास उपयोग

शाईच्या ह्या इतिहासाचा पहिला उपयोग कागदाचा काळ ठरविण्याकडे होतो. शिवकालीन म्हणून पुढें आलेल्या कागदावर कृत्रिम जांभळा रंग आढळला तर तो लेख इ. स. १८५६ च्या आधींचा असूं शकत नाहीं. बॉलपेनची रेघ असेल तर ती दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारापूर्वींची असण्याचा संभव नाहीं. ह्याच्या उलट काजळाची शाई आहे एवढ्यावरून कागद जुना ठरत नाहीं. काजळ आजही तसेंच पाडतां येतें. नवी शाई दावा खोटा पाडूं शकते, जुनी शाई एकटी तो खरा करूं शकत नाहीं. शिवाय मूळ लेख जुना असून वरचा शेरा मागाहून घातलेला असणें हेंही नेहमीं घडतें, म्हणून प्रत्येक हाताची शाई वेगळी तपासावी.

दुसरा उपयोग वाचनाकडे. अवरक्त प्रकाशांत छायाचित्र घेतलें असतां काजळाचें अक्षर काळेंच राहतें, लोखंडी शाई उत्तरोत्तर फिकी होत जाते, आणि पुष्कळ कृत्रिम रंग अजिबात दिसेनासे होतात. कागदाला स्पर्श न करतां शाईची जात ओळखण्याचा हा मार्ग आहे. हरताळ ह्या प्रकाशाला फारसा अडवीत नाहीं. त्यामुळें लेपाखालीं झांकलेलें मूळ काजळी अक्षर पुष्कळदां वाचतां येतें, आणि लेखकानें काय लिहून काय बदललें हें पाठभेदाच्या अभ्यासकास कळतें. उडालेल्या लोखंडी शाईचें अक्षर नीललोहितातीत प्रकाशांत पुन्हां उठून दिसतें. हरताळ हें सोमलाच्या जातीचें विष आहे, तेव्हां अशीं पानें हाताळल्यावर हात धुवावे आणि बोटाला थुंकी लावून पान उलटण्याची संवय सोडावी.

तिसरा उपयोग आपल्या स्वतःच्या लेखनाकडे, आणि माझ्या मतें तो सर्वांत निकडीचा. मूळ कागदावर शाईनें कांहींही लिहूं नये. क्रमांक घालणें आवश्यकच असेल तर मऊ शिसपेनीनें, समासांत घालावा. शिसपेन हाही कोळशाचाच एक प्रकार असून तो फिका पडत नाहीं, आणि पुसावा लागल्यास कागदाला फारशी इजा न होतां पुसतां येतो. नकलेचा मजकूर काळ्या, कोळशाच्या कणांच्या शाईनें लिहावा. झरणींतून वाहील इतक्या सूक्ष्म कणांची अशी शाई आतां मिळते. जपानच्या प्लॅटिनम कंपनीची कार्बन शाई त्या जातीची आहे. ती वाळल्यावर पाण्यालाही दाद देत नाहीं, म्हणजे जुन्या काजळाचें जें एक वैगुण्य होतें तेंही तींत राहिलेलें नाहीं. मात्र झरणी वरचेवर धुवावी लागते, व शाई आंत वाळूं देतां कामा नये. संशय, गळालेला मजकूर आणि आपली पुस्ती हीं चिन्हांनीं दाखवावीं. रंग जोडीला असल्यास हरकत नाहीं. वहीच्या पहिल्या पानावर शाईचें नांव व तारीख लिहून ठेवावी, म्हणजे पुढच्या संशोधकास तर्क करावा लागणार नाहीं.

एखादी शाई कितपत टिकेल हें पाहण्यास प्रयोगशाळेचीच जरूर आहे असें नाहीं. कागदाच्या पट्टीवर ती शाई लिहावी, पट्टीचा अर्धा भाग जाड पुठ्ठ्यानें झांकावा व उन्हाच्या खिडकींत दोन-तीन महिने ठेवावा. दुसरी पट्टी रात्रभर पाण्यांत बुडवावी. ह्या दोन पट्ट्या जें सांगतील तें बाटलीवरच्या स्तुतीपेक्षां अधिक विश्वासार्ह असतें.

ह्यावरून आवडीच्या रंगांवर कोणी हरताळ फांसावा असें सुचवावयाचें नाहीं. मित्राला पत्र, रोजचा जमाखर्च, कवितेचा पहिला खर्डा, ह्यांना मोरपंखी काय आणि जांभळी काय, सर्व शोभतात, आणि माझ्या टेबलावरही जांभळी बाटली अद्यापि आहे. मात्र दुसऱ्याचा शब्द पुढच्या पिढीच्या हवालीं करण्याचें काम हातीं घेतलें म्हणजे शाई त्या शब्दासाठीं निवडावयाची असते. ज्यांच्या संग्रहांत कृत्रिम रंगांनीं लिहिलेल्या जुन्या नकला असतील, आणि विशेषतः ज्यांचीं मुळें आतां उपलब्ध नाहींत, त्यांनीं त्या अंधाऱ्या पेटींत ठेवून शक्य तितक्या लवकर पुन्हां उतरून अगर छायाचित्रित करून घ्याव्यात, अशी सर्व संग्राहकांस विनंति आहे.